वाट्या सुलट्या होईपर्यंत

जगातले सगळे मोठे अनर्थ अज्ञानातून झाले, असे थोर लोक सांगत आले आहेत आणि त्यावर सभागृहांतून टाळ्याही पडत आल्या आहेत. मला मोठ्या अनर्थांचा अनुभव नाही. माझ्या हातून एकच व्हायचा होता, तोही होता होता राहिला, आणि त्यात अज्ञानाचा दोष फारसा नव्हता. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणायला मी संगणकाला बंदी केली होती, इतकेच.

वैशाख लागला की जळगावात दुपारचे रस्ते ओस पडतात आणि मोबाईलवर लग्नपत्रिका यायला लागतात. हल्ली त्या हलतात, गातात, त्यांतून गुलाबाच्या पाकळ्या पडतात. शेवटी मात्र मजकूर तोच: सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह. कुटुंब म्हणजे किती, परिवार म्हणजे कुठवर आणि इष्टमित्र कोण, हे कुणी विचारत नाही. ते विचारायची वेळ आली की यजमान आचाऱ्याकडे बघतो आणि आचारी आकाशाकडे.

मी एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. परवा एका नव्या सहकारी बाईंनी माझे काम तपासताना विचारले की, सर, तुमचे गणित दोन ओळींचे आहे, मग त्याच्या आधी या तीस ओळी कशाच्या? त्या तीस ओळी चौकशीच्या होत्या. गणितात जी जी नावे येणार आहेत, त्या प्रत्येकाला खरेच काही किंमत दिली आहे का, एवढेच त्या विचारतात. एकाचीही नसेल तर गणित सुरूच होत नाही. मी म्हटले, सवय आहे. बाईंना ते फारसे शास्त्रीय वाटले नसावे. त्या गेल्या, आणि कूलरच्या ओल्या गवताच्या वासातून मला एकदम तापलेल्या तुपाचा आणि ओव्याचा वास आला.

तो वास सहा-सात वर्षांपूर्वीच्या वैशाखातला. आमचे मूळ गाव धुळ्याच्या बाजूला. वडिलांनी नोकरीसाठी ते सोडले आणि मी जळगावात वाढलो, त्यामुळे मला अहिराणी समजते सगळी. बोलायला गेलो की गावातली म्हातारी माणसे प्रेमाने विषय बदलतात. गावात माझे चुलतभाऊ भास्करभाऊ राहतात. ते तीन संस्थांचे अध्यक्ष आहेत, त्यांपैकी दोन नुसत्या लेटरहेडवर आहेत. त्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न ठरले आणि हळदीच्या दिवशी गावाला वरण-बट्टीची पंगत द्यायची ठरली. भास्करभाऊंनी मला फोन करून सांगितले की या वेळी सगळे आधुनिक पद्धतीने व्हायला हवे. पीठ किती, डाळ किती, तूप किती, हे संगणक सांगेल. मी ‘कशाला’ म्हणायला हवे होते. पण गावाने आपल्याकडे काही मागितले की शहरात वाढलेल्या माणसाला जी खुशी होते, ती मला झाली.

आमच्याकडे पंगतीचे आवतन दोन तऱ्हांचे. एक घरटी एक माणूस, ते सोपे. दुसरे चूलबंद. चूलबंद आवतन दिले की त्या दिवशी त्या घराची चूल पेटत नाही. अंगावरच्या पोरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत, आणि त्या दिवशी तिथे टेकलेल्या पाहुण्यापर्यंत, सगळ्यांचे जेवण यजमानाकडे. जो येऊ शकत नाही त्याचे ताट घरी पोचवायचे. म्हणजे पंगत कमी पडली तर माणूस घरी जाऊन पिठले टाकू शकत नाही. त्याच्या घरी विस्तव नाही, आणि तो तुमच्या सांगण्यावरून नाही. गावात एका घरी मागे कधीतरी वरण सरले होते. त्या घरातली आताची पिढी शिकली, बंगला बांधला, तरी पत्ता सांगताना लोक अजून म्हणतात, ज्यांच्याकडे वरण सरलं होतं, त्यांच्या घरावरून डावीकडे वळा.

भास्करभाऊंचे आवतन चूलबंद होते. सत्तर घरे.

माझा प्रोग्रॅम अगदी साधा होता. प्रत्येक घराच्या नावाचा एक डबा, डब्यात त्या घरातल्या माणसांचा आकडा. सगळे आकडे मिळवायचे, माणशी पिठाने गुणायचे, मग डाळ, तूप, वांगी. आकडे गोळा करायला मी गावच्या ग्रुपवर एक फॉर्म पाठवला. एकोणसाठ घरांनी भरला. अकरा घरांनी भरला नाही. कुणाकडे तसला फोन नव्हता, कुणाकडे होता पण तो मुलाबरोबर सुरतेला होता. त्यामुळे पहिल्यांदा चालवल्यावर प्रोग्रॅम थांबला आणि लाल अक्षरांत त्याने कळवले की ‘घर एकतीस’ म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. प्रोग्रॅमने इतके सरळ वागणे मी नंतर क्वचितच पाहिले.

पण ही लाल ओळ उमटली ती भास्करभाऊंच्या ओसरीवर, भावकीतली पंधरा माणसे चहाचे कप धरून बघत असताना. कुणीतरी शांतपणे म्हणाले की मशीन अडाणी दिसते. भास्करभाऊंनी मला बाजूला घेऊन सांगितले की मंगलकार्यात लाल रंग चालतो, थांबलेले चालत नाही. मी आत जाऊन एक ओळ टाकली: जे घर सापडणार नाही, ते शून्य धर. बाहेर येऊन पुन्हा चालवले. पडद्यावर एक सुरेख, गोल, आत्मविश्वासाने भरलेला आकडा आला. तीनशे ऐंशी माणसे. त्याखाली पीठ, डाळ, तूप, मीठ, सगळे ग्रॅमपर्यंत. ओसरीवर समाधान पसरले. मी मनाशी म्हटले की त्या अकरा घरांचे नंतर विचारून घेऊ. हे ‘नंतर’ कसले असते ते नोकरी करणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

भास्करभाऊंनी ती यादी धुळ्याहून छापून आणली, वर प्लास्टिक चढवले. डोक्यावर भगव्या अक्षरांत ‘संगणकाधारित स्वयंपाक नियोजन’, एका कोपऱ्यात वधूवरांचा फोटो, दुसऱ्या कोपऱ्यात भास्करभाऊंचा, थोडा मोठा. खोटा आकडा चांगल्या कागदावर आला की त्याला कुणी हात लावत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे ऑफिसांतून पुष्कळ पाहिले.

आचारी होते आत्माराम नाना. सत्तरीचे, उंच, डोळ्यांवर जाड काच, खांद्यावर पंचा. पंचक्रोशीतल्या पंगती त्यांनी चाळीस वर्षे केल्या आणि एकाही पंगतीतून माणूस उपाशी उठला नाही. ते स्वतः हे कधी सांगत नसत. त्यांच्या वतीने गाव सांगे. गुडघ्यांनी आता दगा दिला होता आणि हा हंगाम झाला की झारा खाली ठेवायचा, असे त्यांनी घरी सांगितले होते. शेवटच्या हंगामात नाव जाऊ नये, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती, असे मला द्वारकाअक्कांनी नंतर सांगितले. द्वारकाअक्का म्हणजे गावाची भांडी सांभाळणाऱ्या आणि घरोघर आवतन पोचवणाऱ्या बाई. कुठल्या घरात कोण आजारी आहे, कोणाची मुलगी बाळंतपणाला आली आहे, कोण कोणाशी बोलत नाही, हे त्यांना फॉर्म न पाठवता ठाऊक असे.

हळदीच्या दिवशी सकाळी सहाला मी मांडवामागे गेलो. त्या सकाळचे मला सगळे आठवते. जमिनीत खणलेले चुलीचे चर, त्यांना रात्री दिलेला शेणामातीचा हात अजून ओलसर. जळणाला तुऱ्हाट्यांचे भारे. पालथी घातलेली काळी पातेली, त्यांच्यावर बसलेला एक कावळा. वारा अजून गार होता. दहानंतर तोच वारा भट्टीतून आल्यासारखा येणार हे अंगाला ठाऊक होते. नाना एका गोणपाटावर बसले होते आणि त्यांच्यापुढे रांगांनी मांडलेल्या सत्तर स्टीलच्या वाट्या होत्या. सगळ्या उलट्या.

ही नानांची रीत होती, आणि मी ती पहिल्यांदा बघत होतो. एक वाटी म्हणजे एक घर. अक्का घराचे नाव घेत आणि माणसे सांगत. नाना ती वाटी सुलटी करत आणि तेवढे तुरीचे दाणे तीत टाकत. जोवर एक वाटी उलटी आहे, तोवर पिठाला पाणी लागत नसे आणि चुलीला काडी लागत नसे. वाट्या सुलट्या झाल्या की सगळे दाणे एका ताटात, आणि मग हिशेब.

मी त्यांना सांगितले की हे सगळे करण्याची गरज नाही, आणि प्लास्टिकची यादी पुढे केली. नानांनी ती हातात घेतली, लांब धरून वाचली, फोटोंना नमस्कार केल्यासारखी मान हलवली.

“आकडा झकास शे,” ते म्हणाले. “पन हाऊ आकडा तुले कोनी सांगा?”

मी म्हटले, प्रोग्रॅमने काढला.

“त्याले कोनी सांगा?”

मी यादीमागे जोडलेली घरांची पाने उलटून आकडे वाचू लागलो. एकोणसाठ वाट्या भराभर सुलट्या झाल्या. दाणे पडल्याचा टिणटिण आवाज होत राहिला. मग आवाज थांबला. अकरा वाट्या उन्हाच्या पहिल्या तिरपेत चमकत उलट्या बसल्या होत्या. माझ्या यादीत या अकरा घरांपुढे शून्य होते. अक्कांनी ते पाहिले आणि तोंडाला पदर लावला. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

“मोबाईलले इचारं,” त्या म्हणाल्या, “माले नही इचारं.”

तोवर भास्करभाऊ आले, फेटा बांधूनच. पाहुणे दारात आहेत, बाराला पंगत बसायची आहे, आणि अजून धूर नाही म्हणजे काय? अहिराणी ते रागावल्यावरच बोलत, त्या सकाळी अस्खलित बोलले. नानांनी ऐकून घेतले. “पेटाडसू,” ते म्हणाले. “पयले वाट्या सुलट्या होऊ द्या.” आणि गोणपाटावर मांडी बदलून बसले. भास्करभाऊंनी माझ्याकडे पाहिले. चूल पेटवायची की नाही हे ठरवणारा माणूस तीन संस्थांचा अध्यक्ष नव्हता, हे त्यांना त्या क्षणी कळले असावे. त्यांनी फेटा सारखा केला आणि पाहुण्यांकडे गेले.

मी आणि अक्का निघालो. ती दीड तासाची गावफेरी माझ्या आयुष्यातल्या उत्तम सकाळींपैकी एक आहे, हे मी आज कबूल करतो. तेव्हा मला फक्त घाम येत होता. प्रत्येक घराच्या बाहेर चूल पोतारून ठेवलेली, कोरी, थंड. या लोकांनी माझ्या शून्यावर विसंबून विस्तव विझवला होता. एका घरात मी दोन माणसे धरली असती तिथे नऊ निघाली. त्या घरच्या मुलीच्या सासरची मंडळी बोदवडहून, म्हणजे वेगळ्या बोलीच्या मुलखातून, आली होती, आणि आमची अहिराणी ऐकून आपापसात हसत होती. एका घरी म्हातारीने चार म्हणून सांगितले, मग थांबून पाच म्हणाली, कारण सुरतेचा मुलगा गाडीत बसल्याचा फोन आला होता. एका घरी मला उलट विचारण्यात आले की एवढी चौकशी करतोस म्हणजे जेवण कमी आहे का? अक्कांनी ते हसण्यावारी नेले आणि पुढच्या गल्लीत मला दंडाला चिमटा काढून सांगितले की विचारताना वही लपवत जा, भाऊ, तू काय जनगणना करी ऱ्हायना?

अकरावे घर सुपडूआबांचे. त्यांचे आणि भास्करभाऊंचे शेत लागून, मधे विहीर, आणि विहिरीवरून आठ वर्षे अबोला. तरीही चूलबंद आवतन गेले होते, कारण चूलबंद म्हणजे कुणी वगळायचा नसतो. आबा ओट्यावर दोरी वळत बसले होते. त्यांची चूल थंड होती. अक्कांनी विचारले, आबा, किती जण?

आबांनी दोरीचा पीळ पुरा केला. “चूल आम्ही पेटाडाव नहीत. आवतनना मान शे,” ते म्हणाले. “पन जेवाले कोनी येवाव नही. लिखी ले, शून्य.”

घरात सात माणसे होती. आतून भांड्याचा आवाजही येत नव्हता.

मी वहीत शून्य लिहिले. माझ्या यादीतही या घरापुढे शून्यच होते, त्यामुळे निदान एक आकडा बरोबर निघाला, असा हिशेबी विचार माझ्या मनात येऊन गेला. पण परतताना ते शून्य जड झाले. यादीतले शून्य मी माझ्या सोयीसाठी टाकले होते. त्यामागे कुणीच नव्हते. हे शून्य एका माणसाने सात जणांना उपाशी ठेवून स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. कागदावर दोन्ही सारखीच गोल दिसतात. सरकारी कचेऱ्यांना आपण नावे ठेवतो, पण रकाना मोकळा सोडला तर तिथला कारकून कागद परत करतो. काही नसेल तर ‘निरंक’ लिहा म्हणतो. मोकळा रकाना म्हणजे कुणी बघितलेच नाही, आणि निरंक म्हणजे कुणीतरी बघून सांगितले, की काही नाही. एवढे बारीक तत्त्वज्ञान रोज साडेपाचला घरी जाणाऱ्या माणसाला ठाऊक असते, आणि मी ते एका ओळीत पुसून टाकले होते.

नानांनी दहा वाट्या सुलट्या केल्या, दाणे टाकले. दहा घरांची पासष्ट माणसे. पासष्ट माणसे, जी माझ्या सुरेख आकड्यात नव्हती. अकराव्या वाटीशी आल्यावर मी आबांचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. नानांनी वाटी उचलली, पण सुलटी केली नाही आणि उलटीही ठेवली नाही. आडवी ठेवली, कुशीवर.

“हाई रागनं शून्य शे,” ते म्हणाले, आणि सात दाणे वाटीच्या तोंडाशी ठेवून दिले.

आमच्या धंद्यातही ‘आहेच नाही’ आणि ‘मुद्दाम रिकामे ठेवले’ यांत फरक करायची सोय असते. रागाने रिकामे ठेवलेल्याची सोय अजून कुणी केलेली नाही.

मग चुली पेटल्या. रवाळ कणकेत ओवा, हळद आणि तुपाचे मोहन पडले. बाया गोळे वळू लागल्या. उकळत्या पाण्यातून बट्ट्या वर येत, निथळत, सुरीखाली कापल्या जात आणि तुपात पडत. सकाळच्या उन्हात तो वास मांडवाबाहेर गेला, गल्लीत शिरला, आणि मला वाटते सगळ्या सत्तर थंड चुलींपर्यंत पोचला. मला वांगी चिरायला बसवले. माझ्या शेजारच्या बाईने माझे तुकडे पाहून विचारले की हे पण संगणकाने सांगितले का. मी सुखी होतो. चूक करून ती उघडी पडली, दुरुस्त झाली आणि वर काम मिळाले, याहून माणसाला काय हवे असते मला माहीत नाही.

बाराची पंगत सव्वाला बसली. कुणी तक्रार केली नाही. भूक वाढली की पदार्थाला किंमत येते. एक पंगत उठली, दुसरी बसली, तिसरी बसली. नाना पातेल्याशी उभे होते आणि दर वेळी उलथने तळाला लावून बघत होते. शेवटच्या पंगतीला बट्टीची एकच परात उरली होती. वाढणारे हात आखडू लागले, आणि नानांनी तिथूनच दटावले की हात आखडायचा नाही. बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पंचा मात्र त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी सुपडूआबा दिसले. मागे सहा माणसे. ते रांगेच्या टोकाला बसले. अक्कांनी सात पत्रावळी टाकल्या. मग भास्करभाऊंनी वाढप्याच्या हातातून तुपाची किटली घेतली आणि फेट्यासकट वाकून आबांच्या वरणावर तुपाची धार धरली. आबांनी ‘बस’ म्हणायला हवे होते, ते म्हणाले नाहीत. धार चालू राहिली. सात जण पोटभर जेवले, परातीत चार तुकडे राहिले, आणि नानांनी पंचा खांद्यावर टाकला.

ते बघताना मला वाटले की आपण काहीतरी मोठे पाहतो आहोत. माणसाला नुसते विचारले, आणि तो नाही म्हणाला तरी त्याची जागा राखली, तर आठ वर्षांचा दगडही हलतो. आबा हात धुऊन आले तेव्हा ते काहीतरी बोलतील म्हणून सगळे थांबले. ते नानांपाशी गेले आणि म्हणाले, “वरणमा मीठ कमी व्हतं.”

होतेच. माझे मन मोडू नये म्हणून मिठाचा तेवढा आकडा नानांनी माझ्या यादीतून घेतला होता.